पहिल्या दहा मिनिटांतली आई

कार्टून फिल्ममधली आई कधी मरते ते मला विचारा. पहिल्या दहा मिनिटांत. अगदी सुरुवातीलाच मारली तर कुणाचा तिच्यावर जीव जडलेला नसतो, आणि फार उशिरा मारली तर थिएटरातली पोरं असं भोकाड पसरतात की पुढची मारामारी कुणी बघतच नाही. गंमत म्हणून सांगत नाहीये, हा माझा धंदा आहे. नोएडातल्या एका अ‍ॅनिमेशन स्टुडिओत मी कथा विभाग सांभाळतो. बाकीचे लोक चित्रं काढतात, ती हलवतात, त्यांना आवाज देतात. मी गोष्ट उसवतो. शिंप्याने झंपर उलटा करून शिवण बघावी तशी. नायिकेला हवंय काय, तिला अडवतंय कोण, वाट दाखवणारा कधी भेटतो, शेवटी ती काय गमावते. एक टाका ढिला दिसला की मी आरडाओरडा करतो, म्हणून स्टुडिओत मला कुणी जेवायला बोलवत नाही. न बोलवेनात.

माझी खरी हुशार सहकारी द्वारकेला राहते. तनया, माझ्या धाकट्या बहिणीची, क्षिप्राची मुलगी, वय वर्षं दहा. मी राहतो गाझियाबादला, म्हणजे मेट्रोच्या ब्लू लाइनच्या ह्या टोकाला मी आणि जवळजवळ त्या टोकाला ती. तरी रविवार सहसा चुकवत नाही. लॅपटॉप पाठीला लावायचा, बसायला जागा मिळाली तर डब्यात एक डुलकी काढायची, आणि द्वारकेला पोचून तनयाला आमची नवी कच्ची फिल्म दाखवायची. कच्ची म्हणजे नुसती रेघांची चित्रं आणि स्टुडिओतल्याच कुणीतरी दिलेला आवाज. लठ्ठ पगाराच्या लोकांना न दिसलेली भोकं ह्या पोरीला दिसतात. "मामा, कासवाला रस्ता माहीत होता तर त्याने सुरुवातीलाच का नाही सांगितला? फिल्म लंबी करायला?" आता ह्याच्यावर काय बोलणार! मी सोमवारी ऑफिसात जाऊन तोच प्रश्न स्वतःचा म्हणून खपवायचो.

फिल्म बघताना आमचा एक खेळ असायचा. नायिका दिसली की ओरडायचं, "नायिका!" दरी, नदी, राक्षस काहीही आडवं आलं की "अडथळा!" आणि पडद्यावर आई दिसली, तिने पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला, की दोघांनी एकमेकांकडे बघायचं. मी घड्याळाकडे नजर टाकायचो. आई गेली की तनया ओरडायची, "गई!" आणि आम्ही टाळी द्यायचो. क्षिप्रा स्वयंपाकघरातून म्हणायची, "काय मेले कसाई आहात रे दोघं!"

एकदा तनयाने विचारलं होतं, "पण काढतात का तिला? हर बार?"

मी खुर्चीत सरसावून बसलो. असले प्रश्न मला फार आवडतात. म्हटलं, "हे बघ, आई असली की ती काय म्हणते? स्वेटर घाल, लांब जाऊ नको, आधी जेवून घे. मग पोरगी घराबाहेर पडणार कधी? तिला शूर करायचं तर आईला काढावंच लागतं. आई आहे तोवर गोष्टच सुरू होत नाही."

"अच्छा," तनया म्हणाली. तिला पटलं. तिला एखादी गोष्ट पटली की ती पक्की बसते.

दिवाळीनंतर क्षिप्राच्या छातीत गाठ निघाली. तपासण्या झाल्या आणि जे नको होतं तेच निघालं. आधी ऑपरेशन, मग पुढची औषधं, बहुतेक डाव्या बाजूचा स्तन काढावा लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. आमची आई, सुहासिनी तिचं नाव, एरवी माझ्याकडे गाझियाबादला असते. ती बॅग भरून द्वारकेला मुक्कामाला गेली. आणि पहिल्याच दिवशी घरात ठराव झाला: तनयाला काही कळू द्यायचं नाही.

आता हे लपवायचं कसं? महाराष्ट्रात लोक मुलांसमोर इंग्रजीत बोलतात आणि काम भागतं. दिल्लीत ते कसं जमणार? इंग्रजी पोरांची, हिंदी पोरांची, त्या दोन्हींत आपणच कच्चे. उरते मराठी. तीही साधी चालत नाही, कारण साधी तनयाला कळते. पण जड मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या डोक्यावरून जाते, हे इथल्या आमच्या सगळ्या घरांना माहीत आहे. भांडणं, जमिनीचे वाद, कुणाचं मोडलेलं लग्न, सगळं आम्ही पोरांच्या नाकासमोर जड मराठीत बोलतो. त्यात आई जन्मभर संस्कृत शिकवलेली. मग काय विचारता! घरातून गाठ हा शब्द गेला आणि अर्बुद आला. ऑपरेशनची शल्यक्रिया झाली, रेडिएशनचं विकिरण झालं. जेवायच्या टेबलावर आई गंभीरपणे म्हणायची, "सोमवारी रुग्णालयात प्रवेश, तत्पूर्वी रक्ततपासणी." क्षिप्रा हसायची. "आई, माझं आख्यान लावलंयस का?" माझा मेहुणा सुजय इथेच आर. के. पुरममध्ये वाढलेला. त्या बिचाऱ्यालाच निम्मं कळायचं नाही. मला बाजूला घेऊन विचारायचा, "उन्मेष, विकिरण म्हणजे रेडिएशनच ना, यार?"

तनया वाटाणे सोलत बसलेली असायची. एक अक्षर विचारायची नाही. आम्ही खूश होतो, पोरीला पत्ता नाही म्हणून.

पण पोरगी बिघडायला लागली. दुसरा शब्द नाही. जी तनया एकटी सायकलवरून मदर डेअरीच्या बूथवर जाऊन दही आणायची, ती लिफ्टमध्ये एकटी जाईना. पोहण्याच्या शर्यतीतून नाव काढून घेतलं. बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणायला लागली. मग म्हणे भरव. मग म्हणे आंघोळ घाल. शाळेतून बाईंचा फोन आला की ही वर्गात उभं राहून वाचत नाही, बाकाखाली जाऊन बसते. आई म्हणाली, "लाडाने वाकडी झाली आहे." सुजय एकदा चिडला आणि मग स्वतःच गॅलरीत जाऊन उभा राहिला. आम्ही सगळे तिला एकच सांगायचो: तू शूर मुलगी आहेस ना? आणि ते ऐकलं की ती आणखी लहान व्हायची. खरंच, अंगठासुद्धा तोंडात घालायची.

त्या रविवारी मी पोचलो तर क्षिप्रा खाली सोसायटीच्या बागेत उन्हाला बसली होती. मला वर जाऊच दिलं नाही. "दादा, बस. मी डॉक्टरबाईंना संध्याकाळी फोन करणार आहे. तारीख पुढे ढकलते."

दुसऱ्या दिवशी सकाळी भरती व्हायचं होतं. बॅग भरून तयार होती. माझं डोकंच फिरलं. "वेडबिड लागलंय का तुला? बाई काय म्हणाल्या, आठवतंय ना? थांबू नका म्हणाल्या. गाठ वाढतेय म्हणाल्या."

"मला शिकवू नकोस, माझ्या अंगात आहे ती." मग तिचा आवाज खाली आला. "काल ती मला दात घासून दे म्हणाली. दहा वर्षांची पोर, दादा. ऑपरेशन झाल्यावर मला हात वर उचलता येणार नाही. हिला मी भरवू कशी? हिची वेणी कोण घालणार? अशा मुलीला सोडून मी टेबलावर जाऊन झोपू? मला भूल तरी चढेल का? परीक्षा होऊ दे, जरा सावरू दे तिला. मग जाते."

वरून एक विमान उतरत होतं. द्वारकेत विमान आलं की माणसं वाक्य अर्ध्यात थांबवतात आणि ते गेलं की पुढे बोलतात. आम्हीही थांबलो. मी तिच्याकडे बघत होतो. शालीत ती एवढीशी दिसत होती. मला भयंकर भीती वाटली.

"तिला सांगून टाक ना सरळ," मी म्हटलं.

"सांगितलं तर पूर्ण मोडेल. आत्ता माहीत नाही तर ही अवस्था आहे." तिने माझं मनगट धरलं. "तुझं ऐकते ती. तिला जरा खंबीर कर, दादा. आज. ती आपल्या हाताने जेवली, एकटी खाली जाऊन आली, एवढं बघितलं तरी मी उद्या जाईन. नाही तर मी जात नाही."

आता माझ्यासारख्या माणसाला पोरगी खंबीर करायची म्हटल्यावर काय सुचणार? फिल्म! आणि नेमकी आमची नवी फिल्म लॅपटॉपमध्ये होती. डुबकी नावाचं पाणमांजराचं पिल्लू. धरणाचं पाणी सुटतं, आई लोंढ्यात जाते आणि डुबकी एकटी नदीच्या उगमाकडे निघते. भित्रं, आईच्या पोटाखाली दडणारं पिल्लू शेवटी अख्ख्या नदीचं पुढारीपण करतं. मला वाटलं, ह्याहून चांगलं औषध नाही. बघेल, बोलेल, तिचं तिलाच कळेल. अक्कल शेण खायला गेली होती माझी.

वर तनयाच्या खोलीत रजईत शिरून आम्ही दोघं बसलो. आई दाराजवळ खुर्चीत लसूण सोलत होती. तनयाने माझा दंड घट्ट धरला होता. फिल्म सुरू झाली. मी उत्साहाने ओरडलो, "नायिका!"

तनयाने दंड आणखी घट्ट धरला.

पाणमांजर आई आली. पिल्लाला पाठीवर घेऊन पोहायला लागली. तनयाने हात पुढे करून पडदा झाकला. "बंद कर."

"अगं, आत्ता कुठे सुरू होतेय."

"मला नाही बघायचंय, मामा. बंद कर ना!"

मी तिचा हात बाजूला केला. केलाच. मला वाटलं, इथे मागे हटायचं नाही. "बघायचं. घाबरायचं काय त्यात? रेघांची तर चित्रं आहेत." धरणाचं पाणी सुटलं. आई पिल्लाला खडकावर ढकलते आणि स्वतः वाहून जाते. मी टाळीसाठी हात पुढे केला नाही, एवढी तरी शुद्ध होती. तनयाने डोळे मिटून घेतले होते. पुढचा सगळा वेळ ती मान खाली घालून रजईचा दोरा ओढत होती.

संपल्यावर मी मास्तरासारखा सुरू झालो. "बोल. डुबकी सुरुवातीला कशी होती?"

"भित्री."

"आणि शेवटी?"

"शूर."

"बिल्कुल! झाली कधी शूर?"

"आई गेल्यावर."

"शाब्बास. आणि आई असती तर?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "तर भित्रीच राहिली असती ना? पक्का?"

"पक्का. बसली असती मासे खात." मला वाटलं गाडी रुळावर आली. "म्हणजे काय समजलीस? आपल्या प्रत्येकात एक शूर मुलगी असते. तुझ्यातही आहे. आता उठायचं, आपल्या हाताने जेवायचं, आणि एकटीने खाली जाऊन मामासाठी दही आणायचं."

आईने ताट आणून ठेवलं. वरण-भात, बटाट्याची भाजी. तनयाने चमचा उचलला आणि माझ्या हातात दिला. "भरव."

"तनया."

"भरव!"

माझा तोल गेला. खाली बागेत बसलेली माझी बहीण माझ्या डोळ्यांसमोर होती आणि ही पोर चमचा पुढे करत होती. "दहा वर्षांची घोडी झालीस! लाज नाही वाटत? तुझी आई तिकडे..." आणि मी जीभ चावली. "आईला त्रास होतो तुझा. तू शूर मुलगी आहेस ना?"

"नाहीये!" ती इतक्या जोरात किंचाळली की ताट हललं. "मी शूर नाहीये! मी नाही होणार! तू कितीही फिल्म दाखव, मी नाही होणार!"

"अगं पण का?"

"मी शूर झाले तर आई जाईल!"

दाराजवळ पुन्हा लसूण सोलत बसलेल्या आईच्या हातातली पाकळी तशीच राहिली.

तनया रडत नव्हती, हेच वाईट होतं. ती मला समजावून सांगत होती, कासवाची चूक सांगायची त्याच आवाजात. "तूच सांगितलंस ना. मुलीला शूर करायचं असतं म्हणून आईला काढतात. आई आहे तोवर स्टोरी सुरू होत नाही. मग मी शूर झालेच नाही, तर तिला काढायची गरजच नाही ना? मी सगळं एकटीने करायला लागले की ते तिला नेणार. म्हणून मी काहीच नाही करत. मला येतं सगळं. नाडी पण येते. मी मुद्दामच करत नाही."

किती आठवडे! किती आठवडे ही एवढीशी पोर एकटीने हे करत होती. वर्गात पोरं हसत असतील, तरी बाकाखाली जाऊन बसत होती. आम्ही तिला लाडावलेली म्हणत होतो आणि ती तिकडे आईला जिवंत ठेवण्याचं काम करत होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

आई उठली. "बाळा, असं कुठे असतं का? कुणी काही नेत नाही आईला. ते साधं... ते आपलं..." सवयीने तिच्या तोंडून तोच शब्द गेला. "एक लहानसं अर्बुद..."

"आजी, अर्बुद म्हणजे ट्यूमर," तनया म्हणाली. "मी फोनला विचारलं. तुम्ही जे जे बोलायचात ते सगळं मी नंतर फोनला विचारायचे. तो हिंदीत सांगतो."

आई मटकन खुर्चीत बसली. दिवाळीपासूनचं आमचं सगळं गुपित त्या फोनने पोरीला हिंदीत समजावून दिलं होतं, आणि आमच्यातल्या एकालाही हे सुचलं नव्हतं.

मी काहीतरी करायला पाहिजे होतं. मी म्हटलं, "तनू, त्या गोष्टी आहेत. मी बनवतो त्या. खऱ्या जगात असा नियम नसतो. तुझी आई बरी होणार आहे."

"हे खरंय म्हणून सांगतोयस, का मला बरं वाटावं म्हणून?"

आयुष्यभर लोकांच्या गोष्टींतली खोट काढली मी. आज ती माझ्यातच निघाली होती. मी आईकडे बघितलं, आईने पदर तोंडाला लावला होता.

"मामाला माहीत नाही," दारातून आवाज आला. क्षिप्रा उभी होती. किंचाळणं ऐकून वर आली असणार, जिना चढून, कारण तिला दम लागला होता. किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. तिने शाल काढून खुर्चीवर टाकली आणि रजईत तनयाच्या शेजारी शिरली. "मला विचार. माझ्या अंगात आहे ते."

"क्षिप्रा, नको गं," आई म्हणाली.

"आई, आता पुरे. खूप झालं आपलं." ती तनयाकडे वळली. "विचार."

तनयाने रजईचा दोरा बोटाला गुंडाळला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "कुठे आहे?"

क्षिप्राने तिचा हात घेऊन कुर्त्यावरून डाव्या बाजूला ठेवला. "इथे. डॉक्टर ही पूर्ण बाजू काढून टाकणार आहेत. दुखेल. मग औषध देतील, त्याने केस जातील. मी चिडचिडी होईन. उलट्या होतील. तुला माझा कंटाळा येईल कधी कधी."

"मरशील?"

"शुभ बोल गं, बाळा..." आई पुटपुटली.

"माहीत नाही मला, तनू," क्षिप्रा म्हणाली. "डॉक्टरबाई म्हणतात, लवकर काढलं तर बरी होईन. मलाही तसंच वाटतं. पण नक्की माहीत नाही. कुणालाच नसतं."

मला वाटलं, आता पोरगी कोसळणार. तनया आईच्या छातीवरचा आपला हात बघत होती. "तुला भीती वाटते?"

"खूप." आणि क्षिप्रा रडायला लागली. दिवाळीपासून ती एकदाही कुणासमोर रडली नव्हती, सुजयसमोरसुद्धा नाही. हसायची, टोमणे मारायची, बॅगेत काय काय भरायचं ते सांगायची. आता तिला हुंदके आवरेनात. "मला इतकी भीती वाटते ना, की मी उद्या जाणारच नव्हते. तुझं कारण सांगून घरी बसणार होते. मी पण शूर नाहीये गं. अजिबात नाहीये."

तनया तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने रजईचं टोक घेतलं आणि आईचं नाक पुसलं. "मग मी नाही झाले तर चालेल?"

"शूर?"

"हां."

"नको होऊस. कुणी सांगितलं व्हायला? तुझं वय आहे का ते!" क्षिप्राने माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. "तू घाबर. रड. जेवताना भरवायला सांग. माझा हात बरा होईपर्यंत बाबा भरवेल, मामा भरवेल."

"रोज रडू?"

"रोज."

"ओरडून?"

"बेशक. सोसायटी डोक्यावर घे."

"आणि तरी तू परत येशील?"

इथे क्षिप्रा हो म्हणाली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. मी तर मनातल्या मनात विनवत होतो, म्हण बाई, हो म्हण. ती म्हणाली, "यायचा प्रयत्न करीन. सगळ्यात जास्त प्रयत्न त्याचाच करीन. आणि तू शूर झालीस म्हणून मी जाणार नाही, आणि नाही झालीस म्हणून राहणार नाही. तुझ्या हातात नाहीये ते, राणी. तुझ्यावर नाहीये."

तनयाच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. आधी तिला राग आला. इतके दिवस केलेलं सगळं फुकट होतं, असं तिला कुणीतरी सांगत होतं. मग तिने तोंड उघडलं आणि ती रडली, दिवाळीपासूनचं सगळं एकदम. क्षिप्राच्या कुशीत डोकं खुपसून ती म्हणत होती, "तू जा. तू उद्या जा. काढून टाक ते."

संध्याकाळी कुणी डॉक्टरबाईंना फोन केला नाही. मी तिथेच राहिलो. तनयाला मी भरवलं, पूर्ण ताट, आणि तिने एकदाही चमचा स्वतः धरला नाही. मला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी धुकं होतं. सुजय बॅग घेऊन खाली गेला, गाडी बोलावली होती. क्षिप्राने आईला नमस्कार केला, मला टपली मारली. तनयाला मिठी मारून ती लिफ्टमध्ये शिरली आणि दार लागताना म्हणाली, "खालपर्यंत ऐकू आलं पाहिजे हं."

तनया गॅलरीत धावली. चौथ्या मजल्यावरून खालची गाडी धुक्यात जेमतेम दिसत होती. तिने कठडा धरला आणि जिवाच्या आकांताने रडायला सुरुवात केली. हुंदके नव्हेत, आरोळ्या. "आई! आई गं!" समोरच्या इमारतीत खिडक्या उघडल्या. शेजारच्या भाटियाआंटी गॅलरीत आल्या, "क्या हुआ, बेटा?" गेटवरचा गार्ड वर बघत होता. आईने घाईघाईने येऊन तिचे खांदे धरले. "पुरे आता. शहाणी ना तू? लोक बघतायत. तू शूर..."

"आई!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकली. जन्मात मी तिच्यावर तसा ओरडलो नव्हतो. "रडू दे तिला."

आईने तिचे खांदे सोडले. मग तीही तिच्या शेजारी कठडा धरून उभी राहिली आणि तिचेही डोळे वाहायला लागले. गाडी वळली, गेटमधून बाहेर पडली, दिसेनाशी झाली. तनयाचा आवाज बसत चालला होता, तरी ती थांबेना.

माझा फोन वाजला. क्षिप्रा होती. तिच्या आवाजात पाणी होतं.

"दादा, तिला सांग, ऐकू येतंय."